केसाचा पीळ

"अगं, ते केरॅटिन म्हणजे गाजरातलंच ना?"

रविवारी सकाळी (म्हणजे इथली सकाळ, साताऱ्यात तेव्हा जेवणं आटपून माणसं लवंडलेली असतात) ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. गेली चौदा वर्षं तिचं घराच्या पुढच्या खोलीत पार्लर आहे. गाजरातलं ते कॅरोटीन आणि केसातलं ते केरॅटिन, एवढं सांगून मी मोकळी होणार होते. पण ताईचा खरा प्रश्न पुढेच होता.

पुण्याला जाऊन ती दोन दिवसांचा कोर्स करून आली होती. फी आणि औषधाच्या बाटल्या धरून चाळीस हजार गेले. लग्नसराईत 'केरॅटिन ट्रीटमेंट'ला मागणी आहे, चार नवऱ्या मुलींत पैसे वसूल होतील असा हिशोब. नऊ-दहा जणींचे केस करूनही झाले. केस झुळझुळीत होतात, गिऱ्हाईक खूश. "पण गरम मशीन फिरवायला लागले की डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं गं. घसा धरतो. बाटलीवर तर नैसर्गिक केरॅटिन लिहिलंय. तू त्यातलीच डॉक्टर ना? मला एवढंच सांग, हे केसात खरंच जातं का? आणि माझ्या डोळ्यांना काय होतंय?"

आता मी काही त्यातली डॉक्टर नाही. माझी पीएचडी कृत्रिम धाग्यांवर. पण ती केली लीड्समध्ये, आणि केसात काय असतं हे जगाला ज्या गावाने पहिल्यांदा नीट दाखवलं ते गाव लीड्सच. त्यामुळे ताईला दोन ओळींत उत्तर देणं काही जमेना. शोधत गेले आणि जे सापडलं ते आज तुम्हालाही सांगते.

लीड्स म्हटलं की आपल्याला आठवतं हेडिंग्लीचं मैदान. १९८६ साली दिलीप वेंगसरकरांनी तिथे शतक ठोकलं होतं आणि आपण कसोटी जिंकली होती. पण इंग्लंडला लीड्स माहीत आहे ते लोकरीसाठी. शहराच्या मानचिन्हावरसुद्धा मेंढीची लोकर आहे. या भागातल्या गिरण्यांनी शेदीडशे वर्षं जगाला लोकरीचं कापड पुरवलं, आणि लोकरीच्याच पैशातून इथल्या विद्यापीठात वस्त्रशास्त्राचा विभाग उभा राहिला. गिरणीवाल्यांचे प्रश्न रोखठोक होते. लोकर ओली करून ताणली की रबरासारखी लांबते आणि सोडली की मूळ जागी येते, असं का? वाफेवर ताणून धरली तर मात्र लांबच राहते, ते का? सुती धागा असं करत नाही, मग हिच्यात वेगळं काय आहे?

या प्रश्नांसाठी १९२८ साली तिशीतला एक माणूस लीड्सला आला. विल्यम अ‍ॅस्टबरी. जन्म १८९८, कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या स्टोक भागातला. वडीलही त्याच धंद्यात. शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकला आणि मग लंडनला विल्यम ब्रॅग यांच्या हाताखाली क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना शोधायला शिकला. मिठाचा खडा, हिरा असल्या शिस्तीत रचलेल्या पदार्थांतून क्ष-किरण गेले की मागच्या फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि नक्षीतल्या अंतरांवरून आतल्या अणूंची अंतरं काढता येतात. हाडाचा फोटो म्हणजे सावली. हा फोटो म्हणजे सावली नव्हे, गणित.

ब्रॅग यांना एका व्याख्यानासाठी रोजच्या वापरातल्या वस्तूंचे असे फोटो हवे होते. ते काम अ‍ॅस्टबरींकडे आलं आणि त्यांना धाग्यांचं जे वेड लागलं ते कायमचं. लीड्सला आल्यावर त्यांनी लोकर, माणसाचा केस, शिंग, नख असं जे मिळेल ते क्ष-किरणांसमोर धरलं. सगळ्यांची नक्षी एकच! केरॅटिन हे नावच मुळी शिंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे. म्हणजे बैलाचं शिंग, मेंढीची लोकर आणि ताईच्या गिऱ्हाइकाचा शेपटा आतून एकाच घराण्यातले.

खरी गंमत पुढे आहे. साध्या केसाच्या नक्षीत त्यांना ५.१ अँगस्ट्रॉमचं अंतर पुन्हा पुन्हा दिसलं. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मीटरचे हजार कोटी भाग केले तर त्यातला एक भाग.) तोच केस वाफेवर जवळजवळ दुप्पट ताणला की ती नक्षी गायब, आणि तिच्या जागी सुमारे ३.३ अँगस्ट्रॉमची दुसरीच. केस सोडला की पहिली परत. पहिल्या रूपाला त्यांनी अल्फा म्हटलं, ताणलेल्याला बीटा. पक्ष्यांच्या पिसांत तर न ताणताच बीटासारखी नक्षी मिळाली. १९३० ते १९३३ या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निबंधांतून मांडलं. अर्थ असा: केरॅटिनचा रेणू ही लांबलचक साखळी आहे. एरवी ती दुमडून बसलेली असते, ताणली की उलगडते. आज हे शाळेतलं वाटेल, पण प्रथिनं म्हणजे नेमकं काय याबद्दलच तेव्हा शास्त्रज्ञांत एकमत नव्हतं. रेणू स्वतः आकार बदलतो आणि म्हणून केस लांबतो, हे कुणीतरी पहिल्यांदाच डोळ्यांना दाखवत होतं.

अ‍ॅस्टबरी केसावर थांबले नाहीत. स्नायूतलं मायोसिन, रक्ताची गुठळी करणारं फायब्रिनोजन आणि त्वचेच्या वरच्या थरातलं प्रथिन, या सगळ्यांत तीच अल्फा नक्षी असल्याचं त्यांच्या गटाने दाखवलं. आपली कातडी, केस आणि दंडाची बेडकुळी यांचं हे नातं कळलं ते गिरणीवाल्यांच्या प्रश्नातून.

त्याच विद्यापीठात जे. बी. स्पीकमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ वेगळ्या बाजूने लोकरीच्या मागे लागले होते. केरॅटिनमध्ये गंधक भरपूर. (केस जळाल्याचा वास आठवा.) शेजारशेजारच्या साखळ्या गंधकाच्या जोडांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. पायऱ्या मोडल्या, साखळ्या सरकवल्या आणि नव्या जागी पायऱ्या पुन्हा जोडल्या, तर धागा नव्या आकारात पक्का होतो. न्हाल्यावर केस गुंडाळून वाळवले तर कुरळेपणा पुढच्या न्हाण्यापर्यंतच टिकतो, कारण तेव्हा फक्त हायड्रोजनचे कच्चे बंध सुटून पुन्हा बांधले जातात. गंधकाचे बंध पक्के.

हे पक्के बंध मोडण्याचा उद्योग मात्र शास्त्राच्या आधीच सुरू झाला होता. कार्ल नेसलर या जर्मन केशकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कायम कुरळे केस करून द्यायचा प्रयोग केला. जड पितळी नळ्यांवर केस गुंडाळायचे, अल्कली लावायचं आणि तासन् तास तापवायचं. नळ्यांचं वजन डोक्याला पेलवेना म्हणून त्या वरून झुंबरासारख्या टांगलेल्या. पहिले प्रयोग केले स्वतःच्या बायकोवर, आणि त्यात तिचे केस जळाले. स्पीकमन यांच्यासारख्यांनी गंधकाचं गणित उलगडल्यावर बिनविस्तवाचं 'पर्मिंग' शक्य झालं, आणि १९४० च्या दशकात ते घरोघरच्या बायकांपर्यंत पोचलं. म्हणजे केरॅटिनचं शास्त्र आणि पार्लर यांचं नातं ताईच्या बाटलीपेक्षा बरंच जुनं आहे.

मध्येच एक भुईमुगाची गोष्ट सांगते, कारण ती आपल्याकडे सांगण्यासारखी आहे. साखळी उलगडता येते, तर मग शेंगदाण्यातल्या गोल प्रथिनाची घडी मोडून, ते लांब करून त्याचा धागा का काढू नये? अ‍ॅस्टबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली, आयसीआय कंपनीने तिचं पेटंट घेतलं आणि 'आर्डिल' नावाचं कापड बाजारात आणलं. अ‍ॅस्टबरी स्वतः शेंगदाण्याच्या धाग्याचा कोट घालून हिंडत! पुढे नायलॉनसारख्या धाग्यांपुढे आर्डिलचा टिकाव लागला नाही आणि १९५७ मध्ये ते बंद पडलं. मी हे वाचत होते तेव्हा शेजारी आईने पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी होती. असो.

आता अ‍ॅस्टबरींची चूक. कारण ही गोष्ट नुसत्या यशाची नाही.

साखळी दुमडलेली असते हे त्यांनी ओळखलं. पण कशी दुमडलेली? त्यांनी कागदावर सपाट नागमोडी घड्या काढल्या. १९४८ साली अमेरिकेचे लायनस पॉलिंग ऑक्सफर्डला पाहुणे म्हणून आले असता सर्दीने अंथरुणाला खिळले. गुप्तहेरकथा वाचून कंटाळल्यावर त्यांनी एका कागदावर प्रथिनाची साखळी काढली, आणि तो कागद दुमडत दुमडत त्यांना मळसूत्र सापडलं. गोल जिन्यासारखी वळत जाणारी साखळी, अल्फा हेलिक्स. पण एक खोट राहिली. पॉलिंग यांच्या जिन्याचा एक वळसा ५.४ अँगस्ट्रॉमचा, आणि अ‍ॅस्टबरींच्या केसाचं माप ५.१. फरक ०.३ चा! एवढ्याशा फरकासाठी पॉलिंग यांनी ती रचना तीन वर्षं छापली नाही. १९५१ मध्ये शेवटी छापली.

एका शनिवारी केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांनी तो निबंध वाचला आणि त्यांचं डोकं फिरलं. आपल्याला हे सुचलं कसं नाही? त्यांनी हिशोब केला. पॉलिंग खरे असतील तर जिन्याच्या एकेका पायरीच्या उंचीची, म्हणजे १.५ अँगस्ट्रॉमची, खूण फिल्मवर दिसायला हवी. अ‍ॅस्टबरींना इतक्या वर्षांत ती का दिसली नाही? पेरुट्झ यांना लीड्सची भेट आठवली. अ‍ॅस्टबरी केस किरणांना काटकोनात धरायचे आणि मागे छोटीशी सपाट प्लेट ठेवायचे. ती खूण त्या प्लेटवर पडणं शक्यच नव्हतं! पेरुट्झ यांनी घोड्याच्या शेपटीचा एक केस घेतला, हिशोबाप्रमाणे तिरका धरला, भोवती गोल फिल्म लावली, आणि खूण हजर. त्यांचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यांनी विचारलं, हे सुचलं कसं? पेरुट्झ म्हणाले, स्वतःचा राग आला म्हणून. त्यावर ब्रॅग म्हणाले की मग मी तुला आधीच चिडवायला हवं होतं.

हा प्रसंग मला प्रयोगशाळेत हमखास आठवतो. अ‍ॅस्टबरींचं एकही माप खोटं नव्हतं. त्यांचा केस खरा, फोटो खरा, ५.१ सुद्धा खरं. फक्त प्लेट लहान होती.

मग तो ०.३ चा फरक? १९५२ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी, आणि लगोलग पॉलिंग यांनीही, तो सोडवला. केसात हा जिना सरळ उभा नसतोच. दोन जिने एकमेकांभोवती पीळ घालून बसलेले असतात. पिळामुळे प्रत्येक जिना थोडा कलतो आणि उभ्या रेषेत त्याचं माप ५.४ ऐवजी ५.१ भरतं. दोऱ्याला पीळ, दोऱ्यांच्या दोरीला पुन्हा पीळ, आणि त्या दोऱ्या गंधकाने एकमेकींना सांधलेल्या. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. केसाचं बळ तर खरोखरच पिळात आहे.

अ‍ॅस्टबरींच्या हातून आणखीही एक निसटलं. त्यांच्या विद्यार्थिनी फ्लॉरेन्स बेल यांनी १९३८ मध्ये डीएनएचे क्ष-किरण फोटो काढले, आणि त्या नक्षीवरून त्याची रचना मोजायचा पहिला प्रयत्न लीड्सने केला. युद्ध आलं, बेल हवाईदलाच्या महिला शाखेत रुजू झाल्या, अमेरिकन अधिकाऱ्याशी लग्न करून तिकडे गेल्या. १९५१ मध्ये त्याच प्रयोगशाळेत एल्विन बेटन यांनी डीएनएचा सुंदर फोटो काढला, पुढच्या वर्षी लंडनमध्ये निघालेल्या सुप्रसिद्ध 'फोटो ५१' सारखाच. अ‍ॅस्टबरींनी तो छापला नाही. १९६१ मध्ये ते गेले. आज विद्यापीठातल्या एका मोठ्या संशोधन केंद्राला त्यांचं नाव आहे. मी पाच वर्षं त्याच आवारात वावरले, आणि तिथे केसांचा संबंध आहे हे मला ताईच्या फोननंतर कळलं!

त्वचेची गोष्ट थोडक्यात. कातडीच्या वरच्या थराच्या पेशी तळाशी जन्मतात, केरॅटिन भरत भरत वर सरकतात आणि शेवटी मरून आपल्याला पांघरूण घालतात. त्या केरॅटिनमध्ये गंधक कमी, म्हणून कातडी मऊ आणि शिंग कडक. हे केरॅटिन नुसतं पांघरूण नाही, पेशीच्या आतला सांगाडाही आहे, हे ठळकपणे कळलं १९९१ मध्ये. काही मुलांना जन्मतःच असा आजार असतो की नुसत्या घर्षणाने फोड येतात. कपड्याच्या शिवणीनेही, रांगण्यानेही. अमेरिकेत एलेन फ्युक्स यांच्या आणि इतर गटांनी दाखवलं की त्या मुलांच्या केरॅटिनच्या एका जनुकात बिघाड असतो. आतली दोरी बिघडली की तळाच्या पेशी जरा घासल्या तरी फाटतात. आपण रोज कपडे घालतो, भांडी घासतो आणि फोड येत नाहीत, याचं श्रेय त्याच पिळाला.

तर आता ताईची बाटली.

पहिला प्रश्न, केरॅटिन केसात जातं का? डोक्याबाहेरचा केस मेलेला असतो. तो अन्न खात नाही आणि स्वतःची डागडुजीही करत नाही. अख्खं केरॅटिन इतकं मोठं असतं की ते आत शिरूच शकत नाही. म्हणून बाटलीत त्याचे बारीक तुकडे असतात. ते केसाच्या पृष्ठभागावर चिकटतात, थोडे आतही जातात, आणि धुऊन हळूहळू निघून जातात. पीळ घातलेली दोरी त्यातून पुन्हा बनत नाही. ती बनते फक्त मुळाशी, जिवंत पेशीत, आणि तिला लागतं पोटात गेलेलं अन्न.

मग केस महिनोन्महिने सरळ राहतात ते कशाने? २००० च्या दशकात ब्राझीलमधून पसरलेल्या या पद्धतीत खरं काम करत होतं फॉर्मल्डिहाइड. अकरावीच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक आठवतो? तेच फॉर्मलिन. ते प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना सांधतं आणि तापत्या मशीनने केस सरळ असताना तो सांधा पक्का होतो. त्याच तापाने त्याची वाफ होते, आणि ती जाते ताईच्या डोळ्यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने २०११ मध्ये पार्लरवाल्यांना खास इशारा दिला, कारण 'फॉर्मल्डिहाइड नाही' असं लेबल असलेल्या बाटल्यांतही ते सापडलं होतं. युरोपीय संघाने २०१९ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत ते घालण्यावर बंदी आणली. त्याऐवजी काही बाटल्यांत ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत छापून आली. तिने तीनदा अशा आम्लाने केस सरळ केले, आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली.

गिऱ्हाईक वर्षातून एकदा ही वाफ घेतं. ताई लग्नसराईत रोज घेणार होती. तिच्या पुढच्या खोलीला खिडकी एकच, आणि एसी लावला की तीही बंद.

मी तिला लेबलचा फोटो पाठवायला सांगितला. त्यावर 'मेथिलीन ग्लायकॉल' होतं. म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइडच, नाव तेवढं वेगळं. मी फोन केला आणि सगळं सांगितलं. अ‍ॅस्टबरी आणि घोड्याची शेपटी सोडून.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "समोरचं पार्लर करतंच आहे गं. मी नाही म्हटलं तर बायका तिकडे जातील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस हजारांवरही नव्हतं. कोर्सवाल्यांनी बाटल्या परत घेणार नाही म्हणून आधीच सांगितलेलं.

लहानपणी सुट्टीत आजीकडे असताना दारावर एक बाई यायची. आजी विंचरताना गळलेले केस, गुंतवळ, गुंडाळून कोनाड्यात साठवायची आणि ती बाई त्याच्या बदल्यात सुया नि पिना द्यायची. त्या केसांची गंगावनं होत. ताई आणि मी त्या पिनांसाठी भांडायचो.

परवा ताईचा निरोप आला. उरलेल्या बाटल्या तिने खोक्यात घालून माळ्यावर टाकल्या आहेत. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या नवरीला ट्रीटमेंट करणार नाही म्हणून कळवलं, ती समोर गेली. "तू ते लिहून पाठव," ताईने लिहिलंय, "साध्या मराठीत. समोरचीलाही देते. तिचेही डोळे लाल असतात."

म्हणून हे लिहिलं.